बेघर सैनिकांचे पुनर्वसन

वेष्टनातून बाहेर काढलेले खेळणे वेष्टनातल्या खेळण्यापेक्षा जास्त जागा मागते, हे ज्याने तसा संग्रह केला नाही त्याला पटणे कठीण. माझ्याकडे फनस्कूल या खेळण्यांच्या कंपनीने भारतात विकलेले, जी. आय. जो या अमेरिकन खेळण्यांच्या मालिकेतले सैनिक आहेत. उंची जेमतेम पावणेचार इंच. पण बंदुका, शिरस्त्राणे आणि पाठीवरच्या पिशव्या धरल्या तर बिऱ्हाड मोठे. त्यांची वेष्टने बालपणीच फाडली गेली, कारण खेळणे खेळण्यासाठी असते अशी त्या काळी आमची भाबडी समजूत होती.

सांगलीत जपायची वस्तू कुठे ठेवायची, हे शेवटी कृष्णामाई ठरवते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हापासून आमच्या घराची कागदपत्रे, लग्नाचा अल्बम आणि, का कोण जाणे, पुरणयंत्र माळ्यावर वस्तीला आहे. सैनिकांनीही तिकडेच जावे, असा आईचा आग्रह. परंतु एप्रिलमध्ये स्लॅब तापला की तिथे पीव्हीसी हे मऊ प्लास्टिक आणखी नरम पडते, आणि माझ्या संग्रहातली त्याची एकमेव जपानी बाहुली, एक योद्धी, स्वतःच्याच भाराने घोट्यात वाकून येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करू लागते. शोकेसमध्ये ठेवावे तर खिडकीतल्या उन्हाने पांढरे प्लास्टिक पिवळे पडते.

"मग हवाबंद डब्यात घाल की," हा सौभाग्यवतींचा तोडगा. पापडांना तो लागू आहे, पीव्हीसीला नाही. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले द्रव्य हळूहळू बाहेर झिरपते आणि कोंडलेल्या हवेत उडून न जाता अंगावरच साचते. मग बाहुलीला हात लावावा तर बोटांना तिळगुळाचा पाक लागल्यासारखे वाटते. शिवाय अशी मऊ वस्तू कडक प्लास्टिकला टेकून राहिली तर ते विरघळून खड्डा पडतो, त्यामुळे सगळ्यांना एका डब्यात गुण्यागोविंदाने नांदवताही येत नाही. राहिले साड्यांचे कपाट; तिथल्या डांबरगोळ्यांची वाफही काही प्लास्टिकांना बाधते. गोळ्या काढाव्यात, असे मी एकदा सुचवून पाहिले. पैठणी आणि सैनिक यांत कोण महत्त्वाचे, हा प्रश्न मला इतक्या शांत आवाजात विचारण्यात आला की मी विषय बदलला.

सध्या ते खालच्या मजल्यावरच्या कपाटात, सुती कापडात एकेकटे गुंडाळलेले, दार किंचित किलकिले अशा अवस्थेत आहेत. पुराचा इशारा आला की आधी त्यांना उचलायचे आणि मग पुरणयंत्राकडे बघायचे, असा माझा गुप्त बेत आहे.

त्यातून दुरुस्ती वेगळीच. १९८२ पासूनच्या या सैनिकांचे धड आणि पाय आतल्या एका रबरी रिंगने जोडलेले असतात. ती वाळून तुटली की शूर वीराचे कमरेपासून दोन तुकडे होतात. तशी रिंग शोधत मी नळाचे सामान विकणाऱ्या दुकानात गेलो.

"कुठल्या नळाला?" दुकानदाराने विचारले.

"नळाला नाही, कमरेला."

मी खिशातून सैनिकाचे दोन्ही भाग काढून काउंटरवर ठेवले. त्याने ते निरखून पाहिले, एक रिंग बसवून पाहिली, आणि सुटी देण्याऐवजी सबंध पाकीटच पुढे सरकवले.

"न्या साहेब. फौज म्हटल्यावर लागत्यातच."