स्वगर्वासी मुख्याध्यापक

"सर, तुम्ही लेख इंग्रजीत का पाठवलाय?" परवा असा मेसेज आला आणि माझं डोकंच फिरलं. आमच्या जुन्या शाळेची स्मरणिका निघतेय, ती पण छापील नाही, डिजिटल, मोबाईलवर बोटानं पानं उलटायची वगैरे. आमचे मुख्याध्यापक वारले तेव्हा 2009 साली मी एक लेख लिहिलेला, तोच मागितला म्हणून जुन्या सीडीतून शोधून पाठवला. तर संपादक, वय बावीस, म्हणतो इंग्रजीत आहे. इंग्रजी कसलं, नुसते डॉलर, कंस आणि डोक्यावर टोप्या घातलेली ए-ओ.

कारण काय, तर तेव्हा डीटीपीवाल्यांकडे जे मराठी फॉन्ट होते ते इंग्रजी अक्षरांच्याच जागेवर बसवलेले. कॉम्प्युटरच्या लेखी तो इंग्रजी एच, वरून फॉन्टचा मुखवटा चढवला की आपल्याला क दिसायचा. फॉन्ट काढला की मुखवटा गळाला. युनिकोड नावाच्या पद्धतीत प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर आहे, म्हणून तो मजकूर कुठल्याही मोबाईलवर दिसतो. युनिकोड 1991 पासून आहे बरं का, पण आमच्या धुळ्याच्या प्रेसमध्ये पानं जुळवायला पेजमेकर नावाचं सॉफ्टवेअर चालायचं आणि पेजमेकरला युनिकोडचा गंध नाही. 2001 नंतर त्याची मोठी नवीन आवृत्तीच निघाली नाही, तरी लग्नपत्रिका अजून त्याच्यातच होतात.

तर गेलो पाचकंदीलजवळच्या एका डीटीपीवाल्याकडे. त्याच्याकडे जुना कॉम्प्युटर आणि जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर, दोन्ही आहे. दुकानात नातवाचा कसलातरी फॉर्म भरायला एक काका आलेले, सर्व्हर डाऊन होता म्हणून स्टुलावर बसून राहिलेले, मांडीवर भरताच्या वांग्यांची पिशवी. सर्व्हर बंद असल्यावर माणसानं काय करावं? दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये बघावं.

ऑपरेटरनं बटण दाबलं आणि लेख मराठीत आला. म्हणजे साधारण मराठीत. जुन्या फॉन्टात रफार अक्षराच्या नंतर टाइप व्हायचा आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, आणि ह्या कन्व्हर्टरनं ते होतं तसंच उचलून ठेवलं. म्हणून वर्गाचा 'वगर्' झाला, मार्गदर्शकाचा 'मागर्दशर्क', आणि शिक्षकाची वेलांटी दाराबाहेर उभी, 'िशक्षक'. आणि सगळ्यात वर, ठळक टायपात, 'स्वगर्वासी मुख्याध्यापक'.

काकांनी ते मोठ्यांदा वाचलं. "स्व... गर्वासी." मग माझ्याकडे बघून, "हाई कोनी लिखं?"

म्हटलं मीच. पण ते स्वर्गवासी आहे काका, रफार सरकलाय.

"कसाले बदली राहिनात? बराबर लिखेल शे!" आणि काका जे सुटले ते सुटलेच. हे काका आमच्या मुख्याध्यापकांच्या गल्लीतले निघाले. सरांना पाण्याचा नळ कसा स्वतःच्याच दारात हवा होता, नमस्कार केला तर सर मान कशी एवढीशीच हलवायचे (करून दाखवलं, वांगी सांडता सांडता वाचली), गणपतीची वर्गणी मागायला गेलेल्या पोरांना शुद्धलेखन कसं विचारलं. "त्याना तोंडवर कोनी बोलेल नही. मशीन बोलनं!" ऑपरेटर हसून हसून माउस सोडून बसला. मी गंभीर चेहऱ्यानं "फार शिस्तीचे होते सर" म्हणत होतो, पण खरं सांगायचं तर मला वर्गाबाहेर उभं करण्यातही सरांनी असा आनंद घेतलाय की काकांना विरोध करताना माझा आवाजच निघेना. लेखात मात्र मी त्यांना 'ऋषितुल्य' म्हटलंय, म्हणावं लागतं.

राग मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. ह्याच गावात 1926 साली इतिहासाचार्य राजवाडे गेले, पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं, तिथली शेकडो वर्षांची जुनी कागदपत्रं मोडी येणारा माणूस आजही घडाघडा वाचतो. वाळवी लागो, शाई उडो, अक्षर जिथल्या तिथे. आणि माझा लेख दोन दशकं टिकला नाही. सीडी आहे, फाइल आहे, वाचता येत नाही. त्या काळात खानदेशात निघालेले दिवाळी अंक, शाळांची नियतकालिकं, पोरांच्या कविता, किती जणांच्या हार्डडिस्कमध्ये असे डॉलर आणि कंस होऊन पडलेत कुणास ठाऊक, आणि वर सगळीकडे भाषणं की डिजिटल झालं म्हणजे कायमचं जपलं गेलं. कुणी जपलं? तो ऑपरेटर जपतोय, कारण त्यानं जुना कॉम्प्युटर भंगारात दिला नाही, बस.

असो. रफार एकेक करून जागेवर नेले, वेलांट्या आत घेतल्या, मान मोडली, आणि शुद्ध युनिकोड फाइल संपादकाला पाठवली. लगेच रिप्लाय. "सर फाइल ओपन करायला आता लॅपटॉप नाहीये जवळ. तुम्ही प्रिंट काढून फोटो टाका ना, मी फोटोवरून टेक्स्ट काढून घेतो, एआयनं होतं."

मी ऑपरेटरला म्हटलं, काढ बाबा प्रिंट. तेवढ्यात काका स्टुलावरून उठले, सर्व्हर अजून डाऊनच होता, आणि म्हणाले, "भाऊ, माले एक ती पहिली काढी दे. गर्ववाली." गल्लीत दाखवायची म्हणे. दुरुस्त न केलेली ती पहिली फाइल ऑपरेटरनं आनंदानं शोधून काढली, चांगल्या जाड कागदावर प्रिंट दिली, आणि पैसे दोन्ही प्रिंटचे माझ्याकडून घेतले.