स्पॉल्डिंगचे सभ्य गृहस्थ आणि सदाशिव पेठ

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महाभारत झालं. कुणीतरी ‘नुकतंच सापडलेलं’ शिवकालीन पत्र टाकलं, धाकट्या आतेभावानं मूळ कागद कुठे आहे असं विचारलं, आणि रात्रीपर्यंत दोघे ग्रुप सोडून गेले. इथे इंग्लंडात पीटरबरोत बसून मला शहाणपणा सुचला. मी स्पॉल्डिंगचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘इतिहास असा जपतात.’

स्पॉल्डिंग म्हणजे आमच्याकडून आगगाडीनं पंचवीसेक मिनिटांवरचं गाव. वेलंड नदी, सपाट शेतं, एके काळी ट्यूलिपसाठी प्रसिद्ध. १७१० साली मॉरिस जॉन्सन नावाच्या तिथल्या वकिलानं ओळखीपाळखीच्या मंडळींना कॉफी हाऊसमध्ये जमवायला सुरुवात केली. लंडनहून येणारं ‘टॅटलर’ हे नियतकालिक वाचायचं, गावातल्या जुन्यापान्या गोष्टींवर बोलायचं, एवढाच उद्योग. पुढे नियम झाले, सभांच्या नोंदी होऊ लागल्या, खुद्द न्यूटन सभासद झाला. ती ‘स्पॉल्डिंग जंटलमेन्स सोसायटी’ आजही आहे. ब्रॉड स्ट्रीटवरची तिची संग्रहालयाची इमारत मात्र १९१०-११ मधली, म्हणजे संस्था दोनशे वर्षांची झाल्यावरची. कधी गेलात तर दर्शनी भागावरचं कोरीव काम बघा.

त्यांचा एक नियम मला फार आवडायचा, तोही मी ग्रुपवर लिहिला. सगळ्या कला-शास्त्रांवर बोला, फक्त राजकारण नको. त्यानं गोंधळ माजतो.

काकांचं उत्तर दहा मिनिटांत आलं. “राजकारण नको असतं तर राजवाडे घराबाहेरच पडले नसते.”

खरं आहे. स्पॉल्डिंगचे ते गृहस्थ वकील, डॉक्टर, पाद्री, जमीनदार. राजकारण दाराबाहेर ठेवणं त्यांना परवडत होतं. आपल्याकडे मराठ्यांचा इतिहास १८२६ साली ग्रँट डफ या इंग्रज सरकारच्या अधिकाऱ्यानं लिहिला, आणि तो खोडायचा तर अस्सल कागद हवेत म्हणून इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव फिरले. वाईला मिळालेल्या पत्रांचा पहिला खंड १८९८ साली निघाला. ७ जुलै १९१० ला त्यांनी आणि सरदार खंडेराव मेहेंदळ्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. तिकडे स्पॉल्डिंगला इमारत उभी राहत होती, त्याच सुमाराला.

पुढे राजवाडे मंडळाशीही भांडले आणि बाहेर पडले. (कुणाशी भांडले नाहीत, ते विचारा.) त्यांच्या पश्चात धुळ्याला त्यांच्या नावानं आणखी एक मंडळ उभं राहिलं. म्हणजे एका भांडणातून कागदांना दोन घरं मिळाली. म्हणून ‘पुणेकर भांडतात, इंग्रज जपतात’ हे माझं लाडकं वाक्य मी आता मागे घेतो.

पण २००४ च्या ५ जानेवारीला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत घुसून पुस्तकांची, कपाटांची मोडतोड झाली, ते भांडण या जातीचं नव्हतं. मी तेव्हा पुण्यातच कॉलेजात होतो. राजवाडे कागद दाखवून भांडायचे. मोडतोड करणाऱ्यांनी कागदावरच हात टाकला. ग्रुपवरचं आमचं भांडण कुठल्या जातीचं, याचं उत्तर मला फारसं आवडत नाही. चौतीस माणसं, जवळजवळ सगळी पुण्यातली, आणि मोडी एकालाही येत नाही. सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिरात नाटकाला गेलो की मंडळ हाकेच्या अंतरावर असायचं. मी आत एकदाही गेलो नाही. स्पॉल्डिंगला तीनदा गेलो.

हे मी ग्रुपवर कबूल केलं. त्यावर काकांनी एक फोटो पाठवला. आमच्याच माळ्यावरचा, पणजोबांच्या कागदांचा रुमाल, लाल कापड विटून तपकिरी झालेलं, गाठ तशीच. खाली लिहिलं होतं, “डिसेंबरात येतोयस ना? तेव्हा सोडू.”

शिवकालीन पत्रावर दोनशे मेसेज पडले होते. या फोटोवर, मी हे लिहीपर्यंत, दोन अंगठे.