तोफानी पोराचा पक्का बंदोबस्त

बडोद्यात शिकवता ना? मग तुमच्या वर्गात तो असणारच. वाचनाचा तास सुरू झाला की त्याला तहान लागते. ओळीने उतारे वाचायला सांगा आणि त्याच्याकडे बघा. बोटांवर बाक मोजत असतो. आपल्या आधी दोघं उरले की कंपासपेटी खण्णकन खाली. तरीही पाळी टळेना, तर शेजारच्याला चिमटा.

रामबाण उपाय: वर्गाबाहेर उभा करा. त्याला नेमकं तेच हवं असतं, आणि तुम्हालाही शांतता मिळते. उद्या कंपासपेटी दहा मिनिटं आधी पडेल, एवढंच.

चुकूनसुद्धा त्याला एकट्याला जवळ बसवून चार ओळी वाचून घेऊ नका. नाहीतर कळायचं, की पोरगं 'कमळ' नीट वाचतं आणि 'स्वच्छता'पाशी पहिलं अक्षर बघून 'स्वतंत्र' ठोकून देतं. मग उद्याचा उतारा आजच त्याच्याकडून घोटून घ्या, शब्द तोडून आवाज जुळवायला शिकवा, घरच्यांना डोळे-कान तपासायला सांगा, अशी लचांडं मागे लागतात. त्यात घरी मराठी, शाळेत गुजराती, वर हिंदी-इंग्रजी. एका लिपीच्या डोक्यावर रेघ, दुसरी बोडकी. गुजरातीत तर पाचाचा आकडा आणि 'प' म्हणजे जुळे भाऊ. आपण कशाला यात पडा? सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, ते शाळेत येण्यापुरतं. वाचता येण्याची सक्ती थोडीच होती!

'डिस्लेक्सिया', म्हणजे डोकं ठीक असूनही वाचताना अडायला लावणारी अध्ययन अक्षमता, हा शब्द तर काढूच नका. २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमताही आहे. दाखला असेल तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक मिळू शकतो. म्हणजे कागदपत्रं आली. त्यापेक्षा "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" म्हणा. खरंच नव्हतं. आमच्या वेळी 'ढ' होते. पोराला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर तो तोफानी होतो. तोफान्यावर वर्ग खूश असतो, 'ढ'ची टिंगल होते.

आणि हो, डायरीत शेरा लिहाच. सविस्तर, चांगली जोडाक्षरं पेरून. परवा आमच्या एका पठ्ठ्याने तो दांडियाबाजारातल्या घरी नेला. आईचे हात कणकेत.

"वाच रे, काय लिहिलंय सरांनी?"

त्याने डायरी नीट समोर धरली, ओळीवरून बोट फिरवलं आणि एकदाही न अडखळता वाचलं, "छान प्रगती आहे."

आईने शेव-उसळीला पैसे दिले.