आजोबांचं अर्धा किलो

आमच्या आजोबांचं वाईला किराणा दुकान होतं आणि त्यांनी जन्मात कधी काटा मारला नाही. हे वाक्य आमच्या घरात मंत्रपुष्पांजलीइतक्याच भक्तिभावाने म्हटलं जातं. ते सुरुवातीलाच सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे. आता पिस्तुलाकडे वळू.

मी दहा मीटर एअर पिस्तूल मारतो. 'मारतो' म्हणजे बालेवाडीला जाऊन पैसे भरतो आणि छर्रे कागदाला लागतात. एका हाताने, कुठेही न टेकता, १० मीटरवरच्या ११.५ मिलिमीटरच्या, दहा गुणांच्या वर्तुळात ४.५ मिलिमीटरचा छर्रा घालायचा. ११.५ मिलिमीटर म्हणजे शर्टाचं बटण. असे ६० छर्रे, सव्वा तासात. कोल्हापूरकरांना नेमबाजी उपजत येत असावी. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८च्या एशियाडमध्ये सोनं घेतलं, स्वप्नील कुसाळे पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्य घेऊन आला. तिकडच्या पाण्यातच काहीतरी आहे. आमच्या पाण्यात क्लोरीन आहे.

या खेळात सगळा जीव ट्रिगरमध्ये. नियम असा की एअर पिस्तुलाच्या ट्रिगरने निदान ५०० ग्रॅम वजन पेललं पाहिजे. त्याहून जड असला तर कुणी विचारत नाही. हलका असला तर खेळू देत नाहीत. त्यामुळे प्रत्येकाचा प्रयत्न पाचशेला चिकटून बसायचा असतो, लोकलच्या चौथ्या सीटसारखा. माझा ट्रिगर ५८० भरायचा. वरचे ८० ग्रॅम म्हणजे एक मध्यम बटाटा. माझ्या सगळ्या सातांचं, आठांचं खापर मी या बटाट्यावर फोडलं.

शेजारच्या लेनवर मारणारी नववीतली मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही ट्रिगर ओढता. पिळायचा असतो. घरी ड्राय करता का रोज?"

ड्राय म्हणजे छर्रा न घालता भिंतीकडे बघून नुसता ट्रिगर मारायचा, रोज अर्धा तास. त्यापेक्षा मी नवा ट्रिगर मागवला.

बेअरिंगवर झुलणारा, पुढे-मागे, वर-खाली, तिरका, हवा तसा बसवता येणारा जर्मन ट्रिगर. सोबत बारीक स्प्रिंगांची पुडी. किंमत घरी सांगितली ती खरीच होती, फक्त ती मी युरोमध्ये सांगितली. तीन आठवड्यांनी कुरियरवाल्याचा फोन आला. "साहेब, पार्सलवर 'पिस्तूल' लिहिलंय." आवाज एकदम खाली. मी म्हटलं, खेळाचं आहे हो, हवेचं. "म्हणजे खेळणं?" हो म्हणावं तर अपमान आणि नाही म्हणावं तर चौकशी. मी हो म्हणालो.

रविवारी दुपारी डायनिंग टेबलावर पांढरा पंचा अंथरून शस्त्रक्रियेला बसलो. जुना ट्रिगर निघाला. त्यामागची स्प्रिंगही निघाली, पण ती वेगळ्या दिशेने. एक बारीक 'टिंग' ऐकू आलं, एवढंच. त्या टिंगच्या मागावर मी दोन तास बॅटरी आणि लोहचुंबक घेऊन रांगत होतो. चुंबकाला तीन टाचण्या, एक हेअरपिन आणि मुलाच्या कंपासचं टोक लागलं. पुडीतल्या स्प्रिंगा या जागेच्या नव्हत्याच. सोमवारी बोहरी आळी गाठली.

"कशाची स्प्रिंग?"

"पिस्तुलाची."

दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पिस्तुलाची नाही. सायकलच्या घंटीची आहे."

"चालेल का?"

"ते मी कसं सांगू? न चालली तर परत आणू नका."

चालली नाही. मूळ स्प्रिंग बुधवारी केर काढताना बायकोला सुपलीत सापडली. तिने ती वाटीत घालून, वर झाकण ठेवून माझ्यापुढे आणली. "अहो, एवढ्याशा तारेसाठी ऑफिसला दांडी मारलीत?" मी उत्तर दिलं नाही. त्या वेळी मी स्क्रूंशी बोलत होतो.

माझ्या पिस्तुलात मुख्य स्क्रू चार. एक पहिल्या टप्प्याचं वजन ठरवतो, एक त्याचा प्रवास, एक दुसऱ्या टप्प्याचं वजन आणि चौथा म्हणजे सुटल्यावर बोट कुठे थांबणार ते. बोट आधी पहिला टप्पा खाऊन एका भिंतीशी येऊन टेकतं आणि मग ती भिंत काचेसारखी मोडली पाहिजे. चौघांचं एकमेकांशी पटत नाही. वजन उतरवलं की भिंत नाहीशी होते. भिंत आणावी तर ट्रिगर चिखलात रुतल्यासारखा सरकतो. अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे. एकदा तर पिस्तूल नुसतं टेबलावर ठेवलं आणि आपणहून 'टक' म्हणालं. नळी रिकामी होती, भिंतीकडे होती, तरी मी गॅलरीत जाऊन पाणी प्यालो.

अखेर भिंतही आली आणि काचही आली. आता मोजमाप. पद्धत सोपी आहे. पिस्तूल छर्रा न घालता, नुसत्या हवेने भरून नळी आभाळाकडे धरायची, ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवायचं आणि जमिनीवरून सावकाश उचलायचं. वजन अधांतरी राहिलं की पास, टक झालं की नापास. पण पाचशे ग्रॅम आणायचे कुठून? साबुदाण्याचं पाकीट टांगलं, तर पिशवीचं वजन धरायचं की नाही यावर मुलाशी वाद झाला. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा एकच कांदा दोनदा ठेवला तर दोन आकडे दाखवतो. तेव्हा बाबांना आठवलं.

"माळ्यावर आजोबांचं अर्ध्या किलोचं वजन आहे. शेर जाऊन किलो आले तेव्हा घेतलेलं."

काळं, षट्कोनी, बिडाचं वजन. हातात घेतल्यावर गूळ-शेंगदाण्याचा वास आला असं मला वाटलं; बायकोला गंजाचा आला. मी चाचरत विचारलं, "बरोबर असेल ना?" बाबा निवृत्त मुख्याध्यापक. चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"त्या वजनावर निम्म्या वाईने साखर खाल्लीय."

विषय संपला. दोऱ्याने वजन टांगलं आणि पाव-पाव आटा फिरवत ट्रिगर असा लावला की ते उचलेल, पण त्यावर माशी बसली तर सुटेल. काय मुलायम ट्रिगर झाला होता म्हणून सांगू! बोटाने नुसता विचार केला तरी सुटावा. त्या रात्री मी पहिल्यांदा आपण होऊन अर्धा तास ड्राय केली.

स्पर्धेच्या सकाळी इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे पिस्तुलं तपासतात त्या टेबलाशी गेलो. वयस्कर, शांत गृहस्थ. त्यांनी माझं पिस्तूल पेटीत घालून माप बघितलं, काट्यावर ठेवलं, १,५०० ग्रॅमच्या आत होतं. मग ट्रिगरला त्यांचं चकचकीत वजन लावून हळूच उचललं.

टक.

"पुन्हा." टक. तिसऱ्यांदाही टक.

"घरी तपासलं नव्हतं का?"

"तपासलं हो! अगदी पाचशेवर आहे." आणि मी पिशवीतून आजोबांना बाहेर काढलं. शेवटच्या क्षणी खात्री करायला बरोबर ठेवलं होतं. त्यांनी ते हातात तोललं, उलटं केलं आणि बुडाच्या भोकात करंगळी घातली.

"याचं शिसं कुठाय? इथे शिसं भरून वजन पुरं करतात आणि शिक्का त्या शिशावर मारतात." त्यांनी ते काट्यावर ठेवलं. ४८७. रांगेतले चार जण बघायला पुढे सरकले. "घरचं दुकान होतं का?"

"छे छे," मी म्हणालो, "जुन्या बाजारात घेतलं."

ॲलन की मागून घेतली, स्क्रू पिळला, पुन्हा रांगेत उभा राहिलो. पिस्तूल पास झालं, स्टिकर लागला. ट्रिगर पुन्हा बटाट्याच्या आसपास गेला होता. यंत्र म्हटलं की हे चालायचंच. टोकियोत २०२१ साली मनू भाकरचं पिस्तूल भर पात्रता फेरीत बिघडलं. तीच पुढे पॅरिसहून दोन कांस्यं घेऊन आली. अशी मी स्वतःची समजूत घातली आणि लेनवर उभा राहिलो.

समोर काळा गोळा, मधे नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, आणि डोक्यात: अर्ध्या किलोमागे १३ ग्रॅम. दिवसाला अर्ध्या किलोची दहा गिऱ्हाइकं धरली तर १३० ग्रॅम. नऊ. वर्षाचे ३६० दिवस म्हणजे सेहेचाळीस किलोंच्या वर. आठ. दुकान निदान २८ वर्षं तरी चाललं. सात. म्हणजे तेराशे किलो! सहा. वाईकरांची तेराशे किलो साखर! शेजारच्या लेनवरून ती नववीतली मुलगी शांतपणे दहा, दहा, दहा मारत होती. तिचे आजोबा नक्की नोकरीत असणार.

संध्याकाळी घरी आलो. बाबा झोपाळ्यावर.

"वजन उपयोगी पडलं ना?"

"पडलं." मी बूट काढत म्हटलं. "बाबा, त्याच्या बुडाला शिसं होतं का हो?"

झोपाळा थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"माळ्यावर तेव्हा उंदीर फार होते," बाबा म्हणाले.