म्हणे, मध्ययुगाने येशूचं माणूसपण पुसलं!

नाताळ जवळ आला की एक मजकूर व्हॉट्सॲपवर हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: येशू हा साधा उपदेशक. 325 साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसीयाला (आजच्या तुर्कस्तानात) बिशपांची परिषद भरवून, मतदान घेऊन त्याला देव केलं. मग चर्चने त्याला 'अर्धा देव, अर्धा माणूस' ठरवलं, पुढच्या हजार वर्षांत उरलेलं माणूसपणही पुसून टाकलं, आणि तोंड उघडायची कुणाची छाती झाली नाही.

येशूला देव मानावं की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. मी त्यात पडत नाही. पण इतिहास म्हणून हे सांगणं टिकत नाही.

मतदानाचं आधी उरकतो. नायसीयाच्या दोनशे वर्षं आधी, साधारण 112 साली, प्लिनी हा रोमन अधिकारी सम्राट ट्राजनला कळवतो की ख्रिस्ती लोक पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. प्लिनी ज्या बिथिनिया प्रांताचा कारभार बघत होता, त्यातच नायसीया येतं, हा योगायोग मला फार आवडतो. शिवाय नायसीयाच्या परिषदेत जो हरला, तो धर्मगुरू आरियसही येशूला नुसता माणूस म्हणत नव्हता. सगळ्या सृष्टीच्या आधी निर्माण झालेला, पण पित्याहून कमी, असं त्याचं मत होतं. आणि कॉन्स्टंटाइन? त्याने 337 साली मरताना बाप्तिस्मा घेतला तो निकोमीडियाच्या युसेबियसकडून. म्हणजे आरियसच्या पाठीराख्याकडूनच!

'अर्धा-अर्धा' हे तर कुणीच म्हटलेलं नाही. 451 सालच्या खाल्सेदोनच्या परिषदेचं सूत्र असं: व्यक्ती एक, स्वभाव (म्हणजे मूळ स्वरूपं) दोन, पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, दोघांची सरमिसळ नाही आणि ताटातूटही नाही. इजिप्त, सीरिया, आर्मेनियातल्या बऱ्याच ख्रिस्ती लोकांना हे सूत्र पटलं नाही, ते वेगळे झाले. पण अर्ध्याची भाषा त्यांचीही नव्हती.

आता माणूसपण पुसल्याचा आरोप. इथे मजकूर लिहिणाऱ्याने सातवं शतक उघडूनच पाहिलेलं नाही. दुरावलेल्या ख्रिस्ती लोकांना जवळ आणायचं म्हणून सम्राट हेराक्लियसने 638 साली फर्मान काढलं: ख्रिस्तात इच्छा एकच मानायची. वरवर निरुपद्रवी तडजोड. पण मॅक्सिमस नावाच्या साधूने तिच्यातली मेख ओळखली. गेथशेमाने बागेत येशू पित्याला विनवतो की हा प्याला टळू दे, तरी माझ्या मनासारखं नको, तुझ्या मनासारखं होऊ दे. मरणाला भिणारं आणि शेवटी राजी होणारं हे मन जर माणसाचं नसेल, तर तो माणूस कसला? माणसाची इच्छाच काढून घेतली तर उरतं ते नुसतं शरीर.

हेराक्लियसचा नातू, सम्राट दुसरा कॉन्स्टन्स याने 648 साली या विषयावर चर्चाच बंद केली. पोप पहिला मार्टिन याने पुढच्याच वर्षी रोममध्ये सभा भरवून ती बंदी धुडकावली. त्याला पकडून नेलं, 655 साली तो हद्दपारीत मेला. 662 साली मॅक्सिमसची जीभ आणि उजवा हात तोडला, त्याच वर्षी तोही गेला. तोंड उघडण्याची किंमत भयंकर होती, हे मी नाकारत नाही. पण ती मोजली गेली येशूच्या माणूसपणासाठी. 680-81 सालच्या परिषदेने दोन इच्छा मान्य केल्या आणि एक इच्छा म्हणणाऱ्यांना बहिष्कृत केलं. त्यांत होनोरियस हा दिवंगत पोपही होता! (ही परिषदही सम्राटानेच बोलावली होती, हे सांगायला हवं.)

प्रश्न नंतरही थांबले नाहीत. ख्रिस्त माणूस म्हणून 'काही एक वस्तू' आहे की नाही, म्हणजे त्याच्या माणूसपणाला खरं अस्तित्व आहे का, असा खल बाराव्या शतकात पॅरिसमध्ये चालला होता. 'नाही' हे उत्तर पोप तिसऱ्या अलेक्झांडरने 1177 साली निषिद्ध ठरवलं, का, तर त्यात माणूसपण हवेत विरतं. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनास विचारतो: येशूला अनुभवातून काही कळत होतं का? तरुणपणी त्याचं उत्तर 'नाही' होतं. शेवटच्या मोठ्या ग्रंथात तो 'हो' म्हणतो, आणि पूर्वी आपण वेगळं लिहिलं होतं हेही कबूल करतो. मत बदललं तर जुनं लिखाण गुपचूप गाडणाऱ्या आजच्या विद्वानांपेक्षा हा मला जास्त प्रामाणिक वाटतो.

आणि ग्रंथांचा कंटाळा असेल तर जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथेड्रलमधला लाकडी क्रूस बघा, साधारण 970 सालचा. जुन्या चित्रांत क्रूसावरचा ख्रिस्त बहुधा ताठ उभा, डोळे उघडे, विजयी असायचा. इथे मान छातीवर पडली आहे, डोळे मिटले आहेत आणि देहाच्या भाराने दंड ताणले गेले आहेत.