सभामंडप नंतर, आधी रस्त्याचा कागद करा

गावात सोलर येणार म्हटलं की ग्रामसभेत तीन प्रश्न ठरलेले. भाडं किती, पोरांना नोकरी लागणार का, आणि देवळाला सभामंडप बांधून देणार का. कंपनीचा माणूस तिन्हींची उत्तरं पाठ करून आलेला असतो. मला हे माहीत आहे, कारण पुष्कळदा मी त्याच्याच गाडीत मागे बसलेलो असतो. मी सोलरच्या साईटवर वाहतूक बघतो. न्हावा शेवाहून सुटलेला कंटेनर आमच्या गेटात कधी, कुठून आणि कुणाची भिंत न पाडता येईल, हे बघायचं माझं काम.

इतक्या ग्रामसभांना गेलो, पण "साहेब, तुमच्या गाड्या येणार कुठून?" असं विचारणारा अजून भेटला नाही.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे कमेंटमध्ये भांडण नको. मी सोलरच्या बाजूचा आहे, आणि ते निव्वळ पोट त्यावर चालतं म्हणून नव्हे. रात्री दोनला मोटर चालू करायला उसात जायचं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही. दिवसा वीज मिळणार असेल तर पॅनल लागलेच पाहिजेत. पण ते पॅनल आभाळातून पडत नाहीत. ते तुमच्या-आमच्या गावच्या डांबरी रस्त्यावरून येतात, आणि तो रस्ता त्यासाठी बांधलेलाच नसतो.

थोडा हिशेब करू. ५० मेगावॅटचा प्लांट धरा. मेगावॅटला चार-पाच एकर, म्हणजे दोनशे ते अडीचशे एकर जमीन. प्रत्यक्षात पॅनल जरा जास्तीचे लावतात, ७० मेगावॅटच्या आसपास. ५६० वॅटचा एक पॅनल म्हटलं तर सव्वा लाख पॅनल झाले. चाळीस फुटी कंटेनरात सहाशेच्या वर बसतात, म्हणजे कंटेनर झाले दोनशे. चार महिन्यांत दोनशे कंटेनर. ऐकायला काही फार वाटत नाही, आणि खरंच फार नाही. गाव मात्र या कंटेनरकडेच बघत बसतं, कारण ते लांबलचक असतात, अडकतात, फोटोत छान येतात.

रस्ता खातो तो मुरमाचा हायवा, म्हणजे मोठा डंपर.

प्लांटच्या आत रस्ते लागतात. दहा किलोमीटर धरा, चार मीटर रुंद, पाव मीटर जाडीचे. दहा हजार घनमीटर मुरूम झाला. हायवात कायद्याच्या वजनात चार ब्रासच बसतो (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, पावणेतीन घनमीटरच्या आसपास), त्या हिशेबाने नऊशेच्या आसपास खेपा झाल्या, आणि दबाई केल्यावर मुरूम बसतो म्हणून त्याहून जास्तच. प्रत्येक खांबाला फूटभर रुंदीचा आणि पाच फूट खोल काँक्रीटचा पाया. असे अठरा-वीस हजार खांब, त्याला तीनशेवर मिक्सर. मग लोखंड, केबलचे ड्रम, कुंपणाची जाळी, पाण्याचे टँकर, आणि रोज सकाळ-संध्याकाळ मजुरांची पिकअप. सगळ्यात शेवटी पॉवर ट्रान्सफॉर्मर. तो पुष्कळ चाकांच्या ट्रेलरवर बसून पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीनं येतो आणि पुढं पायलट गाडी लागते. पण त्याची काळजी सगळेच घेतात, त्यामुळं त्याचा त्रास सर्वांत कमी. नऊशे हायव्यांपुढे पायलट गाडी कोण लावणार?

आपला ग्रामीण रस्ता साधारण पावणेचार मीटर रुंद. हायवा अडीच मीटर. समोरासमोर दोन आले की दोघांचंही एक-एक चाक साईडपट्टीवर उतरणार, दुसरा मार्गच नाही. काळ्या रानातली साईडपट्टी, तीही बहुतेक ठिकाणी मुरूम न भरलेली. चाक उतरलं की डांबराची कड तुटते. तुटल्या कडेतून पाणी आत शिरतं, खालची काळी माती फुगते, आणि पुढच्या उन्हाळ्यात वाळून फाटते. रस्ता मधून खचला असं लोक म्हणतात, पण तो कडेनं मेलेला असतो.

वजनाचंही गणित आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० मध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर रात्रंदिवस ट्रक पळवले होते. त्यातून निघालेला ठोकताळा आजही रस्त्याचे इंजिनियर वापरतात: एक्सलवरचं, म्हणजे चाकं जोडणाऱ्या आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची हानी दुप्पट होत नाही, सोळापट होते. आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये एका एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. सव्वा टनाची वाढ, पण वरच्या ठोकताळ्यानं हानी साठ टक्क्यांनी वाढली, आणि तीही कायद्यात राहून. आता चार ब्रासच्या गाडीत फळी लावून सहा ब्रास भरला की काय होतं, ते ज्याच्या दारावरून अशी गाडी गेली आहे त्याला विचारा. हे फळी लावणं रोजचं आहे. खेपेवर पैसे ठरलेले नसतात, ब्रासवर ठरलेले असतात, मग ड्रायव्हर तरी काय करणार?

मागच्या एका साईटचं सांगतो. नाव-गाव नको. फाट्यापासून गाव सहा-सात किलोमीटर, मध्ये ओढा, ओढ्यावर सिमेंटच्या पाइपांची मोरी. पहिल्या पावसाआधी मुरूम टाकून घ्यायचा म्हणून रात्रंदिवस हायवा गाड्या चालल्या. मोरीचा एक पाइप खालून चेचला. वरून फक्त एक वाटीएवढा खड्डा दिसत होता. त्यात कुणीतरी बाभळीची फांदी खोचून ठेवली. त्या फांदीला चुकवत आठवडाभर सगळी वाहतूक चालली, आणि एका सकाळी दुधाच्या टेम्पोचं चाक आत गेलं. डेपोनं एसटी बंद केली. रस्ता धोक्याचा असला की मुक्कामी गाडी पहिली जाते, आणि ती परत सुरू करून घ्यायला काय खेटे घालावे लागतात ते खेड्यातल्या माणसाला माहीत आहे. कॉलेजच्या पोरी फाट्यापर्यंत चालत जायच्या, आणि शेजारून त्याच हायव्यांची धूळ.

त्या रस्त्याची दुरुस्ती कुणी करायची, यावर नंतर जो खेळ झाला तो सगळीकडे तसाच होतो. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याला ठेकेदाराची पाच वर्षांची देखभाल-दुरुस्तीची जबाबदारी असते. ठेकेदार म्हणाला, माझा रस्ता ट्रॅक्टर-जीपसाठी होता, या गाड्यांसाठी नव्हता, मी का करू? तो चुकीचं बोलत नव्हता. बांधकाम विभाग म्हणाला, कंपनीकडून करून घ्या. कंपनी म्हणाली, मुरमाचं काम आम्ही सबकॉन्ट्रॅक्टरला दिलंय. सबकॉन्ट्रॅक्टर तोवर दुसऱ्या जिल्ह्यात. शेवटी खड्ड्यात तोच मुरूम टाकला, वरून टँकरनं पाणी मारलं आणि फोटो काढला.

हे असं का होतं, तर कुठल्याच टेबलावर कुणी हा प्रश्न विचारत नाही म्हणून. २००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेत सोलर पॅनलचे प्रकल्प नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१६ मध्ये सोलरला पांढऱ्या, म्हणजे सर्वांत निरुपद्रवी गटात टाकलं. चालू झालेल्या प्लांटबद्दल ते बरोबरच आहे. धूर नाही, आवाज नाही. पण उभारणीचे आठ-दहा महिने त्या पांढऱ्या रंगात झाकले जातात. जनसुनावणी नाही, वाहतुकीचा आराखडा नाही. त्यातून महाराष्ट्रानं जो मार्ग धरलाय तो छोट्या-छोट्या प्लांटचा. कर्नाटकातलं पावागडा बघा: १३ हजार एकर, २,०५० मेगावॅट, सगळं एका जागी, तिथे निदान पार्कसाठी म्हणून रस्ते होतात. शेतीला दिवसा वीज द्यायच्या आपल्या सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये १६ हजार मेगावॅटचं लक्ष्य आहे, आणि ते गावोगावच्या सबस्टेशनजवळ पसरलेलं. वैजापूर तालुक्यातलं धोंदलगाव, जिथं या २.० योजनेतला पहिला प्लांट चालू झाला, तो ३ मेगावॅटचा. वीज जिथे वापरायची तिथेच बनवायची, ही कल्पना मला मनापासून पटते. पण त्याचा दुसरा अर्थ असा की शेकडो गावांचे बारके रस्ते एकेका हंगामापुरते हायव्यांखाली येणार, आणि प्रत्येक ठिकाणी प्रकल्प इतका लहान की कुणी चौकशी करणार नाही.

योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं मिळतात. चांगली गोष्ट आहे. पण पंधरा लाखांत किती रस्ता होतो ते तुमच्या सरपंचाला विचारा.

इंग्लंडात केंट परगण्यात क्लीव्ह हिल नावाचा ३७३ मेगावॅटचा सोलर पार्क झाला. त्याला २०२० मध्ये परवानगी मिळाली. गावातून जाणारा रस्ता अरुंद आणि रस्त्यावर प्राथमिक शाळा. परवानगीच्या अटींतच बांधकाम वाहतुकीचा आराखडा होता: कुठल्या वाटेनं यायचं, शाळा भरताना-सुटताना अवजड गाड्या टाळायच्या. लोकांचा विरोध तरीही होताच, त्यामुळं तिकडे सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. मुद्दा एवढाच की गाडी कुठून येणार हे आधी कागदावर आलं.

आपल्याकडे तसा कायदा येईल तेव्हा येईल. पण गावाच्या हातात एक वेळ अशी असते की कंपनीला गावाची गरज असते: ठरावाची वेळ. ठराव कायद्यानं लागो न लागो, कंपनीला तो हवा असतो, कर्ज देणारेही गावाचं काय म्हणून विचारतात. त्या दिवशी सभामंडप मागितला तर सभामंडप मिळतो आणि विषय संपतो. (देवावर माझा राग नाही. सभामंडप वर्गणीतूनही होतो, मोरी वर्गणीतून होत नाही.)

त्या ठरावाला जोडून वाहतुकीचा करार मागा. भरलेली गाडी कुठल्या वाटेनं येणार आणि रिकामी कुठल्या वाटेनं जाणार, नकाशावर. शक्य असेल तिथे दोन्ही वाटा वेगळ्या, म्हणजे अरुंद रस्त्यावर समोरासमोर यायला नको. या एका गोष्टीनं निम्म्या कडा वाचतात. पहिली गाडी यायच्या आधी सगळ्या रस्त्याचं, मोऱ्यांसकट, व्हिडिओ चित्रण, सरपंच आणि बांधकाम विभागाच्या इंजिनियरसमोर. रस्ता पूर्ववत करण्यापुरती बँक गॅरंटी जिल्हा परिषदेकडे. कंपनीची तोंडी हमी पहिल्या पावसात वाहून जाते. शाळेच्या वेळा, बाजारचा दिवस, कारखाना चालू असताना उसाच्या ट्रॅक्टरच्या वेळा सोडून बाकी वेळ गाड्यांची. पाऊस पडून गेल्यावर रान वाफशावर येईपर्यंत हायवा बंद. मुरमाच्या प्रत्येक गाडीला वजनपावती. कंटेनर गावात उभे राहणार नाहीत, फाट्यावर जागा भाड्यानं घ्या, तिथून एकेक सोडा. डाळिंब किंवा द्राक्षाची बाग रस्त्याला लागून असेल तर तिथं दिवसातून किती वेळा पाणी मारणार तेही लिहा, कारण पानावर धूळ बसली की फवारणी वाया जाते. आणि वळणावर झेंडीवाले गावचेच, पगारी.

हे न पाळल्यास गाडी थांबवायची कुणी? गावातल्या पोरांनी नाही. हे मी जरा जोर देऊन सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, आणि त्याची मुळं पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीत असल्याचं तपासात पुढे आलं. जिथे कागद नसतो तिथे गाडी अडवणारा आणि गाडी सोडवणारा असे दोन धंदे उभे राहतात, आणि गावाला त्यातला एक छदामही मिळत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ११५ आहे. रस्त्याची किंवा पुलाची अवस्था बघून अवजड गाड्यांवर निर्बंध घालता येतात. करार हातात असला की अर्ज दोन ओळींचा होतो.

आमच्या लोकांना हे महाग वाटतं. मीटिंगमध्ये मी बोललो की प्रोजेक्ट मॅनेजर घड्याळ बघतो, त्याच्या डोक्यावर कमिशनिंगची, म्हणजे प्लांट चालू करायची तारीख असते. पण खड्ड्यातून आलेल्या पॅनलला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात, त्या तपासणीत निघतात आणि मग कोण भरून देणार यावर विमावाल्याशी पत्रव्यवहार सुरू होतो. गावानं एक दिवस रस्ता अडवला तर हायड्रा क्रेन, खांबांसाठी खड्डे घेणारी पायलिंगची मशिनं, शंभरभर मजूर बसून राहतात आणि त्याचं भाडं मात्र चालू असतं. त्या एका दिवसाच्या पैशात मोरीवर नवे पाइप बसतात. हे मला एक्सेलमध्ये मांडून दाखवावं लागतं, आणि दाखवलं तरी "पुढच्या साईटला बघू" हे उत्तर येतं.

कराराचा मसुदा मी साध्या मराठीत लिहून ठेवलाय, दीड पानाचा. वकील मित्राकडून बघून घेतलाय. ज्यांच्या शिवारात मोजणीवाले खुंट्या ठोकून गेलेत त्यांनी कमेंटमध्ये फक्त तालुका लिहा, पाठवतो. खुंट्या ठोकल्यापासून ठरावापर्यंत वेळ थोडा असतो, तेव्हा "ग्रामपंचायत निवडणुकीनंतर बघू" म्हणू नका. आणि मसुद्यात काही राहिलं असेल तर सुचवा. विशेषतः घाट किंवा भातखाचरं असलेल्या भागातल्यांनी, कारण माझा सगळा अनुभव काळ्या रानातला आहे.