‘उल्लेख नाही’ म्हणजे ‘नाही’च

डोकं फिरलंय माझं. गेले तीन आठवडे मी एक तक्ता भरतेय. काम सांगताना फार सोपं सांगितलं होतं. निरनिराळ्या देशांची एचआयव्ही धोरणांची कागदपत्रं उघडायची. प्रेपची गोळी, म्हणजे लागण होऊच नये म्हणून निगेटिव्ह माणसाने रोज घ्यायची ती, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना द्यायची की नाही याबद्दल काय लिहिलंय ते बघायचं आणि दोन रकान्यांत भरायचं. गरोदरपण. स्तनपान. हो किंवा नाही.

‘हो’वाल्यांशी माझं भांडण नाही. ‘नाही’वाल्यांशी आहे, पण निदान ते तोंडावर सांगतात, त्यांच्याशी वाद घालता येतो. मला वेड लावलंय ते उरलेल्यांनी. एकात लिहिलंय, फायदे-तोटे लक्षात घेऊन डॉक्टरांनी निर्णय घ्यावा. दुसऱ्यात गरोदरपणात चालेल म्हटलंय आणि स्तनपानाबद्दल अवाक्षर नाही, जणू बाळ जन्मलं की आई दवाखान्यातून निघून थेट हवेत विरघळते. आणि काहींत तर काहीच नाही. ‘गर्भवती’ हा शब्द शोधला, ‘स्तनदा’ शोधला, परिशिष्टं चाळली, तळटिपा वाचल्या. शून्य. मग त्या रकान्यात मी लिहायचं ‘उल्लेख नाही’.

लिहून घ्या, औषधाच्या खिडकीपाशी ‘उल्लेख नाही’ असं काही नसतं. तिथे गोळी हातात पडते किंवा पडत नाही. खिडकीमागच्या माणसाला वरून स्पष्ट परवानगी नसेल तर तो का म्हणून स्वतःच्या अंगावर घेईल? तो म्हणणार, ‘बाळ झाल्यावर या.’

माझ्या एका मैत्रिणीचं हेच झालं. नवरा पॉझिटिव्ह निघाला, त्याचे उपचार नुकतेच सुरू झाले होते. उपचार नीट चालले आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला की त्याच्याकडून संबंधांतून लागण होत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. पण तिथवर पोचायला काही महिने लागतात, आणि तेवढ्या महिन्यांसाठीच ती प्रेप घेत होती. मधेच तिला दिवस गेले. पुढच्या खेपेला बाटली मागायला गेली तर ऐकायला मिळालं, ‘अहो ताई, आता दिवस गेलेत ना, मग गोळी बंद.’ कुठे लिहिलंय, विचारलं. कुठेच लिहिलेलं नव्हतं. द्या असंही लिहिलेलं नव्हतं, देऊ नका असंही नव्हतं. म्हणून बंद! ज्या काळात तिला गोळीची सगळ्यात जास्त गरज होती, नेमक्या त्याच काळात.

सगळ्यात जास्त गरज हे मी रागाच्या भरात म्हणत नाहीये. आफ्रिकेतल्या सात देशांतल्या, एक जोडीदार पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशा जोडप्यांच्या माहितीवरून केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर संबंधामागे बाईला लागण होण्याची शक्यता गरोदरपणाच्या उत्तरार्धात जवळपास तिप्पट आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत जवळपास चौपट निघाली, एरवीच्या तुलनेत. त्याआधी 2014 मध्ये अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा गरोदर आणि बाळंतिणींमध्ये दर वर्षी शंभरात 3.8 नवी लागण असं प्रमाण आलं होतं. आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली ज्यांना लक्षणीय जोखीम आहे त्यांना प्रेप द्या म्हटलं, तेव्हा लक्षणीय म्हणजे साधारण किती? शंभरात 3. म्हणजे त्यांच्याच फूटपट्टीने मोजलं तरी जिथे लागणीचं प्रमाण इतकं आहे अशा भागांतल्या या बायका रांगेत पुढे हव्यात. त्या यादीतच नाहीत.

बरं, यात बाळाचंही काही आहे, ज्याच्या नावाने हा सगळा सोवळेपणा चालतो. नव्याने लागण झालेल्या माणसाच्या रक्तात पहिल्या काही आठवड्यांत विषाणू प्रचंड वाढलेला असतो. ती बाई तेव्हा पोटुशी असेल किंवा पाजत असेल, तर बाळापर्यंत तो पोचायचा धोका त्याच काळात सगळ्यात मोठा. आणि कोणाच्या गावीही नसतं, कारण पहिल्या तपासणीत तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आलेला असतो! निगेटिव्ह शिक्का बसला, फाइल बंद. तिला उपचार नाहीत, बाळाला प्रतिबंधाचं औषध नाही. बाळाला जपण्यासाठी आईची गोळी काढून घेतली आणि बाळाला नेमकं त्याच संकटाच्या तोंडी दिलं. याला काळजी म्हणतात?

आता ऐका सगळ्यात संतापजनक भाग. गोळी बंद करण्याचं कारण काय देतात? ‘गर्भावस्थेतल्या सुरक्षिततेबद्दल पुरेशी माहिती नाही.’ अरे, कोणत्या औषधाबद्दल बोलताय? टेनोफोव्हिर! प्रेपच्या गोळीतलं मुख्य औषध तेच, जोडीला एम्ट्रिसिटाबिन किंवा त्याचं जवळजवळ जुळं भावंड लॅमिव्ह्युडिन. मलावी या गरीब देशाने 2011 पासूनच ठरवलं की पॉझिटिव्ह गर्भवतीला सापडल्या दिवसापासून जन्मभर उपचार द्यायचे, आणि 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तेच धोरण सगळ्यांना सुचवलं. त्या उपचारात काय होतं? टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन, तिसऱ्या एका औषधासोबत. लाखो गर्भवतींनी ते घेतलंय, त्यांची मुलं आता शाळेत जातात. हिपॅटायटिस बी असलेल्या गर्भवतींनाही टेनोफोव्हिर देतात.

म्हणजे पॉझिटिव्ह बाईच्या पोटात गेली की गोळी सुरक्षित, आणि निगेटिव्ह बाईच्या पोटात गेली की तीच गोळी गूढ? तुला औषध हवंय ना, मग आधी आजार घेऊन ये, असा हा हिशोब आहे.

दुधाचंही तेच रडगाणं. दुधातून औषध बाळाच्या पोटात जाईल हो! किती जाईल, हे मोजून झालंय. केनिया आणि युगांडातल्या प्रेप घेणाऱ्या 50 स्तनदा मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास 2016 मध्ये छापून आला. दुधातून बाळाला मिळणारं टेनोफोव्हिर बाळांसाठीच्या नेहमीच्या उपचाराच्या मात्रेपेक्षा हजारो पटींनी कमी निघालं. त्यानंतर 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गरोदरपण आणि स्तनपानातल्या प्रेपबद्दल वेगळी पुस्तिकाच काढली: जोखीम असेल तर सुरू करा, चालू असेल तर चालू ठेवा. 2017! माझ्या तक्त्यातली काही कागदपत्रं त्यानंतरची आहेत. लिहिणाऱ्यांनी ती पुस्तिका उघडली नसेल, किंवा उघडून शांतपणे मिटली असेल. दक्षिण आफ्रिकेने 2021 च्या सूचनांत या बायकांना स्पष्ट शब्दांत सामावून घेतलं, म्हणजे लिहायचंच म्हटलं तर लिहिता येतं.

आणि ही माहिती ‘पुरेशी नाही’ ती का नाही, हेही बोलू या ना. सुरुवातीच्या चाचण्यांत बाई गरोदर राहिली की पहिलं काम तिची गोळी थांबवायचं. वर्षानुवर्षं असंच. आधी बायकांना चाचणीतून बाहेर काढायचं, मग माहिती नाही म्हणून औषधातून बाहेर काढायचं. आडात तुम्हीच पाणी सोडलं नाहीत, आता पोहरा रिकामा येतो म्हणून बाईला तहानलेली ठेवता. ज्या औषधामुळे हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली त्या थॅलिडोमाइडचा दाखला देऊ नका मला. ते औषध गर्भवतींना सर्रास दिलं गेलं ते नीट तपासलंच नव्हतं म्हणून. त्यातून शिकायचं होतं ते तपासायला. आपण शिकलो ते टाळायला.

सावध राहू नका असं मी म्हणतच नाहीये. खरी सावधगिरी कशी दिसते तेही ठाऊक आहे. 2018 मध्ये बोत्सवानात डोल्युटेग्राविर या उपचाराच्या औषधाबद्दल बाळाच्या मज्जारज्जूतल्या दोषाची शंका आली. तिथल्या लोकांनी हजारो बाळंतपणांच्या नोंदी ठेवणं चालू ठेवलं, आणि माहिती वाढत गेली तशी ती शंका विरली. मधल्या काळात कित्येक देशांनी बायकांच्या हातातून ते औषध काढून घेतलं ती गोष्ट वेगळी. अलीकडे लागण होऊ नये म्हणून वर्षातून दोनदा टोचायच्या लेनाकापाविरची तरुण मुली आणि स्त्रियांमधली मोठी चाचणी झाली, त्यात दिवस गेलेल्यांना हाकललं नाही, राहू दिलं. इंजेक्शन घेणाऱ्या 2,134 जणींपैकी लागण किती जणींना झाली? एकीलाही नाही. हे 2024 मध्ये जाहीर झालं. म्हणजे जमतं. मनात असलं की जमतं.

आणि मग 2025 उजाडलं. जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, आणि फेब्रुवारीत एचआयव्ही कार्यक्रमाला थोडी सूट देताना म्हटलं की त्यांच्या पैशातून प्रेप फक्त गर्भवती आणि स्तनदा स्त्रियांनाच मिळेल. फक्त त्यांनाच! मी तो कागद वाचून हसले, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं याच बायकांना दाराबाहेर उभं केलं, आणि आता बाकी सगळ्यांना बाहेर काढून यांना आत घेतलं. तेही कुठवर? बाळ दूध पितंय तोवर. दूध सुटलं की गोळीही सुटली, मग नवऱ्याचा विषाणू आटोक्यात असो नसो. दोन्ही वेळा बाई मोजलीच नाही कोणी. आधी पोटाला घाबरून नाही म्हणाले, नंतर पोटाकडे बघून हो म्हणाले.

काल वैतागून मी तक्त्यातले सगळे ‘उल्लेख नाही’ खोडले आणि तिथे ‘नाही’ लिहून पाठवलं. संध्याकाळी परत आलं. ‘मॅडम, कृपया आपलं मत घालू नका, कागदात आहे तेवढंच लिहा.’ आता बसलेय पुन्हा एकेक रकाना बदलत. तिसऱ्या पानावर आहे.